चौथ्या मजल्यावर भरवशाचा टीव्ही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची पाठ कशी आहे? (मागच्या वेळी त्यांनी फोनवर पाठदुखीची हकीकत सव्वा तास सांगितली, आणि तेवढा वेळ ते उभ्यानेच बोलत होते असं तू नंतर म्हणालीस. त्यावरून पाठ बरी असावी असा माझा तर्क आहे.) तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले म्हणून रागावू नकोस. दोष तुझाच आहे, आणि तो कसा हे सांगायलाच बसलो आहे.

आपल्या वडिलांविषयी तू लिहिलं होतंस, 'अण्णांना खाली उतरता येत नाही, तर निदान घरात एक मोठ्या पडद्याचा, भरवशाचा टीव्ही तरी आण.' नुसतं 'मोठा' लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी दुपारी जाऊन घेऊन आलो असतो. पण एकतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात घालवलेल्या माणसाला 'भरवशाचा' हा शब्द लिहायचा म्हणजे काय, याची तुला कल्पना नाही. आमच्या खात्यात चालणाऱ्या यंत्राला कोणी भरवशाचं म्हणत नाही. ते फक्त अजून बिघडलेलं नाही, एवढंच म्हणतात. मी कार्यालयातली उरलेली जाड वही काढली, तिच्यात बेचाळीस रकाने आखले आणि पहिल्या रकान्यावर 'सर्वात आधी काय मोडेल?' असं लिहिलं. तुझी भावजय मागून डोकावली आणि म्हणाली की त्याचं उत्तर तिला आत्ताच माहीत आहे. मी लक्ष दिलं नाही.

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण फोनवर तू विचारतेस आणि मी भाऊजींच्या पाठीकडे वळतो. आमची लिफ्ट अकरा महिने बंद आहे. निवृत्त झाल्यावर इमारतीच्या समितीने तिची तपासणी माझ्या गळ्यात घातली, आणि मी पहिल्याच आठवड्यात ती बंद केली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर माझ्या सहीचा कागद आहे. दुरुस्ती होऊन तीन महिने झाले हे खरं आहे. वीस मुद्द्यांपैकी एकोणीस मला मान्य आहेत हेही खरं आहे. पण चौथ्या मजल्यावर, म्हणजे नेमक्या आपल्याच मजल्यावर, ती फरशीच्या दीड बोट खाली थांबते. मेकॅनिक म्हणतो की हे नियमात बसतं. नियमात बसत असेल, माझ्या मनात बसत नाही. अर्धं बोट झाल्याशिवाय सही करणार नाही असं मी समितीच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तेव्हापासून लोक जिन्यात मी दिसलो की दम लागल्याचं मुद्दाम जरा जास्त दाखवतात.

तर टीव्ही. सुरुवात शेजाऱ्यांपासून केली. तुला सांगतो, ज्याने जो टीव्ही घेतला आहे तोच सर्वात चांगला असतो. आपण फसलो असू तर एकट्याने फसू नये अशी माणसाची इच्छा असावी. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी आपल्या टीव्हीचं अर्धा तास कौतुक केलं, पण पूर्ण वेळ ते त्याच्यासमोर उभे होते. निघताना मी जरा वाकून पाहिलं, तर पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती. त्यांनीच सांगितलं की ती सवयीने दिसेनाशी होते.

मग दुकान. दुकानात एका भिंतीवर सव्वीस टीव्ही होते, आणि सव्वीसच्या सव्वीसांवर एकच पोपट पंख साफ करत होता. टाय लावलेला विक्रेता आला. मी काहीही विचारलं की तो म्हणायचा, 'साहेब, रंग बघा ना.' ताई, रंग कोणाला हवा आहे? पोपट हिरवा असतो हे मला घरीही माहीत होतं. मी विचारलं, की यातलं आधी काय बिघडतं? त्याचा चेहरा असा झाला की जणू मी लग्नाच्या बैठकीत मुलीला कोणकोणते आजार होणार ते विचारलं. तो व्यवस्थापकाला घेऊन आला. व्यवस्थापकाने मला पाणी दिलं आणि हा टीव्ही दहा वर्षं चालतो असं सांगितलं. हा नमुना बाजारात कधी आला असं विचारलं, तर चार महिन्यांपूर्वी. मग दहा वर्षांचं कसं कळलं, असं मी (अत्यंत सौम्यपणे) विचारल्यावर तो म्हणाला, 'साहेब, कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो.' हे वाक्य माझ्या ओळखीच्या प्रत्येक लिफ्ट ठेकेदाराने कधी ना कधी माझ्यासमोर उच्चारलेलं आहे.

मी म्हटलं, ठीक, आपण चाचणी घेऊ. लिफ्टचं दार आम्ही शंभर वेळा उघडून मिटून बघतो. टीव्ही शंभर वेळा लावून बंद करून बघायला काय हरकत आहे? एकसष्टाव्या वेळेला रिमोट मेला. दुकानाचं म्हणणं, बॅटरी संपली, आणि बॅटरी हा टीव्हीचा भाग नाही. मी वहीत दोन्ही बाजू नोंदवल्या. अशा सात दुकानांत मी एकूण एकोणीस वेळा गेलो. एका दुकानात मला बघताच माझी खुर्ची बाहेर काढून ठेवत, आणि आतल्या आत माझं नाव 'शंभर वेळा' पडलं आहे असं मागाहून समजलं. वॉरंटीचं तेवीस पानी पत्रकही मी भिंग लावून वाचलं. (विक्रेत्याने ते जन्मात पहिल्यांदा पाहिलं, पान उलटताना तोही माझ्या खांद्यावरून वाचायला लागला.) त्यात धूळ, दमट हवा, ऊन, मुंग्या, कमी वीज, जास्त वीज आणि लहान मुलं एवढ्या गोष्टी सोडून बाकी सर्व कारणांनी टीव्ही बिघडला तर कंपनी जबाबदार होती. बाकीचं कारण कोणतं उरतं ते आम्ही दोघांनी बराच वेळ शोधलं. शेवटी तो मला म्हणाला, की काका, माझ्या आईसाठी घेतलेला मी परत करू का? तेव्हा मात्र मला त्याची दया आली.

हे चाललं असताना अण्णा काय करत होते, असं तू विचारशील. अण्णा खिडकीत बसत होते. पूर्वी ते रोज पाचच्या ठोक्याला खाली जायचे, फाटकाजवळच्या बाकावर त्यांचे शिंपीमित्र आणि निवृत्त पोस्टमन यांच्यात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीवरून त्याच्या घरात काय बिनसलंय ते ठरवायचे. आता ते दोघे खालून हात करतात आणि अण्णांना दिसत नाही. मग ते हाका मारतात आणि अण्णांना ऐकू येत नाही. मग मी मधे उभा राहून दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवतो. परवा शिंप्याने खालून काही विचारलं, ते मी अण्णांना सांगितलं, त्यावर अण्णा म्हणाले, 'तू सांगितलंस की ती बातमी होते रे. गप्पा होत नाहीत.' मला वाईट वाटलं. त्याच दिवशी मी वही मिटली आणि पंच्याहत्तर इंची टीव्ही ठरवला. बेचाळीसपैकी चाळीस रकान्यांत तो उत्तीर्ण होता.

टीव्ही आला मंगळवारी सकाळी. मी भिंत मोजली होती, बसायचं अंतर मोजलं होतं, खिडकीतून कोणत्या वेळी किती ऊन पडद्यावर येतं त्याचा तक्ता केला होता. जिना मोजला नव्हता. आणणारे आणि बसवणारे तेच होते: तिघेजण, आणि चौथा मिशीवाला मुकादम. मुकादमाने खोकं लिफ्टसमोर ठेवलं, हाताने अंदाज घेतला, तिरकं बसेल म्हणाला, बटणाकडे हात नेला आणि कागद वाचला. लिफ्टमध्ये दिवा जळत होता, पंखा चालू होता. त्याने आत डोकावून पाहिलं, मग पुन्हा कागद वाचला. मग खोकं खांद्यावर घेऊन निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खोकं अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी कठड्यावरून उचलून फिरवावं लागलं, आणि ते डोक्याच्या वर धरलेल्या अवस्थेत मुकादमाने तो सही करणारा माणूस कोण, त्याचे आईवडील कोण आणि त्याला पुढच्या जन्मी काय करावं लागेल याविषयी काही विचार मांडले. मी छताकडे बघत होतो. तुझी भावजय वरून म्हणाली, 'हेच ते.'

त्यानंतर चौथ्या मजल्यापर्यंतचा प्रवास शांततेत झाला.

टीव्ही लागला. सुरेख आहे, त्यात वाद नाही. समोर अण्णांना बसवलं. बातम्या देणारी बाई पडद्यावर आली. आपल्या कपाटापेक्षा थोडी मोठी होती. अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. खूप दिवसांनी त्यांना घराबाहेरचा एक चेहरा दिसत होता. मग ते म्हणाले, 'ही माझ्याकडे बघतेय, पण मी बोललेलं तिला ऐकू येणार नाही ना?' नाही म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली आणि पाणी पीत बसलेल्या मुकादमाकडे वळले. 'खाली जाताना तुमचे हात रिकामेच ना?'

ताई, मी आडवा आलो. जिन्याची रुंदी सांगितली, खुर्चीच्या पायांची ताकद सांगितली. मुकादमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झालो. त्यांनी अण्णांना स्वयंपाकघरातल्या हातांच्या खुर्चीत बसवलं आणि टीव्हीपेक्षा पुष्कळ हळुवारपणे चार मजले खाली नेलं. अण्णा वाटेत प्रत्येक दाराला नमस्कार करत होते. बाकावर शिंपी आणि पोस्टमन आधीच आले होते (त्यांना कोणी सांगितलं, हे तुझी भावजयच जाणे). तीन तास ते तिघे बसले. मी वरून खिडकीतून बघत होतो. माझ्या मागे पंच्याहत्तर इंची टीव्ही चालू होता आणि खोलीत तो बघायला कोणी नव्हतं. संध्याकाळी अण्णांना कसंबसं वर आणलं. असो.

सारांश, टीव्ही घेतला, उत्तम आहे, तुझी इच्छा पुरी झाली. तू आणि भाऊजी येऊन बघून जा. सर्वांना यथायोग्य.

तुझा,
धाकटा

ता. क. 'कसंबसं वर आणलं' असं वर लिहिलं आहे, ते तुझी भावजय खोडायला सांगते आहे. मुकादम आणि मंडळी तेव्हा निघून गेली होती, अण्णांना एक जिना चढवेना. त्यांना लिफ्टने आणलं. तळमजल्याचा कागद मीच काढला आणि मागाहून मीच चिकटवला. कोणी पाहिलं नाही, म्हणजे शिंपी, पोस्टमन आणि बँक मॅनेजर सोडून. लिफ्ट विनातक्रार वर आली. दीड बोट खाली थांबली.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. सभेत दिलेला शब्द मला आपल्या तोंडाने मागे घेता येत नाही. हट्ट म्हणशील तर थोडा आहेही. पण खरं सांगू का, मला भीती वाटते. उद्या त्या दीड बोटावर अडखळून अण्णा पडले, तर खाली सही माझी असेल. एकतीस वर्षांत एवढी भीती एकाही सहीची वाटली नाही. तेव्हा तू मोठी बहीण म्हणून मला चार कडक ओळी लिही. लहानपणी दामटून गृहपाठ करून घ्यायचीस तशा. लिफ्ट सुरू कर, असा हुकूम कर. तुझा हुकूम आहे म्हटल्यावर मला समितीत सांगता येईल आणि पडल्याझडल्याचा निम्मा भार तुझ्यावर राहील. माझी एवढीच विनंती आहे. उलट टपाली कळव.

ता. क. ३. हे पाकिटात घालत होतो, तेवढ्यात अण्णांनी मागितलं. टपालपेटी फाटकाबाहेर आहे, पत्र आपण स्वतः टाकणार म्हणतात. चपला घालून काठी घेऊन दारात उभे आहेत. मी त्यांना आत्ताच दीड बोटाचं सगळं समजावून सांगितलं, लिफ्टच्या तारांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपल्या मजल्यावरचा कागद सोलून काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाले, 'दीड बोटच ना? मग मी पाय उचलीन.'

हुकूम पाठवू नकोस. पत्र तुझ्या हाती पडलं असेल, तर ते खाली पोचले.