फोन शहाणा होण्याआधी

सौ. वनिता हिस,

पळसदरीहून तुझ्या दाजींचा सप्रेम जय भीम. मी बरा आहे (हे पत्रात लिहायचंच असतं, तपासायला जाऊ नये). तुझा गुडघा कसा आहे? आणि नरेशराव अजून ‘जरा पेपर वाचतो’ म्हणून पंख्याखाली बसतात आणि पेपर तोंडावर घेऊन घोरतात का? जागे असतील तर त्यांनाही माझा जय भीम सांग. खोपोली आणि पळसदरीच्या मधे चार स्टेशनंसुद्धा नाहीत आणि हा माणूस पत्र लिहितोय, म्हणून तू कपाळाला हात लावशील. पण त्याला कारण आहे. आमच्या फोनला पुढच्या महिन्यात नवीन अपडेट येणार आहे आणि त्याच्याबद्दल त्याच्यासमोर बोलणं मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून फोन आत तांदळाच्या डब्यात ठेवलाय आणि मी पडवीत बसून लिहितोय.

मागे आमची दीक्षा पुण्याहून आली होती. तिच्या फोनात हे अपडेट आधीच आलंय, भाजीची चव बघायला चमचाभर द्यावी तसं. तिने त्याचं इतकं कौतुक सांगितलं की मला वाटलं, घरात दुसरा जावई येतोय (पहिला बरा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही). आता म्हणे अनोळखी नंबर आला की फोन स्वतःच उचलणार, आणि कोण बोलतंय, काय काम आहे, ते विचारून घेणार. म्हणजे दुपारी त्या कर्ज देणाऱ्या मुली फोन करायच्या, त्यांच्याशी पावसापाण्याच्या दोन गोष्टी व्हायच्या, त्याही गेल्या. लांबलचक मेसेज आला तर फोन त्याचं सार काढून एका ओळीत सांगणार. हे सगळं मी मेसेज म्हणून पाठवलं असतं, तर तुझ्या फोनने ‘दाजी बरे आहेत’ एवढंच सांगून तुला मोकळं केलं असतं. शिवाय फोटोत मागे नको ती माणसं आली असतील, तर ती ओळखून पुसणार. हे दाखवायला तिने माझा धरणावरचा फोटो घेतला, ज्यात मी कमरेवर हात ठेवून पुढाऱ्यासारखा उभा आहे तो. फोनने मागची कचऱ्याची पेटी काढली, एक कुत्रा काढला आणि माझ्या चपला हातात धरून उभी असलेली तुझी गंगाताई काढली. दीक्षाने घाईघाईने सगळं परत आणलं, कुत्र्यासकट. मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे, आणि ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. रसायनीहून कामावरून आलो की मी उंबऱ्याशी चपला काढता काढता विचारायचो, “हायस का गं?” आणि आतून उत्तर यायचं, “हाय.” बाकी काही नाही. (ती जाऊन जाऊन कुठे जाणार होती? फार तर मागच्या दारी. तरी विचारायचो.) निवृत्त झाल्यावर कोपऱ्यावरून मीठ घेऊन आलो तरी विचारायचो, आणि गंगा वैतागून का होईना, पण हाय म्हणायची. थंडीत ती गेली. त्यानंतर भात जास्त लावायची सवय मोडली, दोन कप काढायची मोडली, ही एक जिभेची सवय तेवढी मोडेना. उन्हाळ्यात एकदा कर्जतच्या बाजारातून आलो, नेहमीसारखा विसरून विचारून बसलो, आणि आतून बाईच्या आवाजात उत्तर आलं, “हाय.”

वनिता, मी पिशवी टाकून तिथेच उंबऱ्यावर बसलो. टोमॅटो अंगणभर झाले.

झालं होतं असं, की दीक्षाने फोनला हाक मारायला ‘हाय’ हा इंग्रजी शब्द लावून दिलाय. तो म्हटला की फोन जागा होतो आणि ‘हाय, बोला’ म्हणतो. आपलं ‘हायस’ त्याला ती हाकच वाटते. त्या दिवशी तो खिडकीत चार्जिंगला होता, आणि पुढचं ‘बोला’ मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून मी बाहेर जाताना फोन घरी ठेवून जातो. बाबा, फोन उचलत का नाही म्हणून दीक्षा चिडते. मी म्हणतो, विसरलो. म्हातारपणाचा हा एक फायदा, हे कारण सगळ्यांना पटतं.

आमच्या वाडीवरची ठकी तुला आठवत असेल, रानातली कंटोळी घेऊन येते ती. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली होती, त्यामुळे गंगा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. पावसात टोपली घेऊन आली आणि पडवीतून हाक दिली, गंगाबाय, हायस का? खिडकीतून फोनने हाय, बोला म्हटलं. ठकी बोलली की! जावयाची सगळी तक्रार सांगितली. फोन म्हणाला, मला नीट समजलं नाही, तर तिने ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी मागून येऊन बघतो तर बाई पाय पसरून गंगा बाहेर यायची वाट बघतेय. मला सांगावं लागलं. तिने पसरलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाली, “मंग आतून कोन बोलतंय?” मी म्हटलं, फोन आहे. “फोन तं फोन,” ती म्हणाली. “कोनतरी हाय म्हनतंय ना, बरं हाय.” आणि कंटोळी माझ्या पुढ्यात ओतून निघून गेली.

तर आता त्या अपडेटचा खरा पराक्रम ऐक. दीक्षा आनंदाने म्हणाली, “बाबा, आता त्याला आपलं गावचं मराठी कळणार. हाय म्हणजे आहे, हे समजणार. उगाच मधेच बोलणार नाही.” म्हणजे पुढच्या महिन्यात फोन शहाणा होणार आणि मी दाराशी विचारलं की गप्प बसणार. आपल्या बोलण्याला कारखान्यातले साहेब हसायचे तेव्हा मला राग यायचा. आता एक जण ते समजून घ्यायला निघालाय, तर मला रडू येतंय.

माझा चेहरा बघून पोरीने आणखी एक सोय सांगितली. कुणाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग दिलं तर फोन त्या आवाजात बोलेल. मावशीचा आवाज अगदी आईसारखा आहे, तिच्याकडून घेऊ या, म्हणाली. मी नको म्हटलं. तुझा आवाज तसा आहे हे मला कोणी सांगायला नको. गंगाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू स्वयंपाकघरातून विचारलंस, भात झाला हाय, वाढू का? आणि मी पडवीतून म्हणालो, थांब गं गंगा, माणसं येऊ देत. जमलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यानंतर तू आली नाहीस, फोनवरसुद्धा नरेशरावच बोलतात. मला त्रास नको म्हणून तू हे करतेस ते मला कळतं. पण मला त्रास ऐकू येण्याचा नाही गं, न येण्याचा होतो.

असो. गुडघ्याला शेक दे. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
चंदर दाजी

ता.क. नरेशरावांना विचार, अपडेट अडवायचं बटण फोनात कुठे असतं.

ता.क. दुसरा. विचारू नकोस. ते उगाच भलतंच काहीतरी चालू करतील. आणि ते बटण मला सापडलेलं आहे, पत्र लिहायला बसण्याआधीच.

ता.क. तिसरा. रविवारी ठकी कंटोळी आणणार आहे आणि मला ती धड करता येत नाहीत. तू ये. किल्ली शेजारी सोनुबाईकडे ठेवतो, आधी येऊन आत बस. मी बाहेरून येईन आणि दाराशी विचारीन. तू हाय म्हण. आणि लगेच पुढे ‘मी वनिता हाय, दाजी’ असंही म्हण, म्हणजे या वेळी माझी चूक होणार नाही. फोन त्या दिवशी मी बंद करून खिशात घेऊन जाईन.