हीटरजवळची सीट

प्रिय कप्तान,

परवा दारातूनच पिटाळलंस म्हणून रागावून लिहितोय, असं समजू नकोस. तू कोट घालून दार उघडलंस, बाहेरच निघालोय म्हणालास, मी मुकाट जिना उतरलो. लेका, एकाच छापखान्यात जन्म गेला आपला, तू मशीनवर आणि मी प्रुफं तपासायला. तुझ्या तऱ्हांची मला सवय आहे. आज सांगायचंय ते आमच्या समोरच्या दारातल्या बाईबद्दल.

ती सिटी बस चालवते. दोन पोरं, नवरा कामासाठी परगावी. गेल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी तिच्या बसमध्ये चढायचो, अगदी मागे हीटरजवळच्या सीटवर बसायचो आणि शेवटचा थांबा आला तरी उतरायचो नाही. फेरफटका मारतोय असं दाखवायचो. खरं कारण तुलाच सांगतो. घरात हीटर लावायची छाती होत नव्हती, बिलच एवढं यायचं. खोल्या बंद करून मी स्वयंपाकघरात रजई पांघरून बसायचो. त्यात खोकला, तो काही केल्या हटेना.

बाईने आरशातून सगळं हेरलं होतं. एकदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तशी ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि सरळ विचारलं, काका, घर इतकं गार आहे का? पेन्शनवाल्यांना आणि लहान मुलं असलेल्या घरांना वीज-गॅसच्या बिलासाठी सरकारची मदत मिळते, तिलाही मिळते, असं तिने सांगितलं. मी उखडलो. आयुष्यभर घाम गाळून खाल्लंय, म्हातारपणी कुणापुढे हात पसरणार नाही, असं बरंच ठणकावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ज्येष्ठांच्या सरकारी सवलतीच्या पासवर माझ्या बसमध्ये एवढ्या रुबाबात बसता, तेव्हा लाज वाटते का? खिशातला पास मी हळूच आणखी आत ढकलला रे!

तिच्या सुट्टीच्या दिवशी तीच मला त्या मदतीच्या कचेरीत घेऊन गेली. रांगेत तिची धाकटी माझ्या खांद्यावर झोपली. खिडकीवरचा कारकून मान वर न करता कागद परत करायला लागला, तेव्हा हिने असा आवाज लावला की रांगेतला प्रत्येक म्हातारा ताठ उभा राहिला. काम झालं. आता थंडीत माझ्या बिलाचा मोठा वाटा सरकार भरतं. बाहेरची खोली उघडली, खोकला पळाला, आणि संध्याकाळी तिची पोरं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. धाकटी पुस्तक उलटं धरून वाचते, पण चूक काढायची माझी हिंमत नाही, ती आईवर गेलीय. काय बाई आहे रे! सख्ख्या लेकीचा वाटावा तसा अभिमान वाटतो मला तिचा.

आता मुद्द्याचं. काल ड्यूटीवरून येताना ती माझ्या दारात थांबली. म्हणाली, काका, तुमच्या सीटवर हल्ली दुसरेच एक आजोबा बसतात, उंच, लाल मफलरवाले. शेवटच्या थांब्यालाही उतरत नाहीत आणि सारखे खोकतात. कप्तान, तो मफलर तुझ्या निवृत्तीला मीच दिला होता. परवाही मी पाहिलं, वर कोट आणि पायात घरातल्या चपला. प्रुफं तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून एवढी चूक सुटते होय? अर्ध्या उघड्या दारातून आतला गारठा माझ्या तोंडावर आला. मला भीती वाटते रे. वहिनी गेल्या, तू एकटा. तुला काही झालं तर मी भांडायचं कुणाशी? म्हणून ऐक. शुक्रवारी सकाळी नेहमीसारखा बसमध्ये चढ. हीटरजवळ मी तुझी जागा धरून बसलेला असेन. कचेरीच्या थांब्यावर आपण दोघं उतरू. तिला सांगून ठेवलंय, हा उतरेपर्यंत बस हलवायची नाही.

तुझाच,
चष्मा