तिसरं माणूस घरात नव्हतं

मामा, तुमच्या हयातीत ही हाक मी एकदाही मारली नाही. सून म्हणून अकरा वर्षं तुमच्या घरात भाकरी थापल्या, पण सासऱ्याला हाक मारायची सोय नव्हती. आता मारते. आज सर्वपित्री अमावास्या, सकाळी तुमचं पान वाढलं आणि वाढता वाढता दरवर्षीसारखी मोठ्यानं बोलले, "मामा, खीर घ्या. भजी घ्या. कढी मात्र नाही केली, तुम्हाला आवडायची ना, म्हणूनच!" माझी सून हसायला लागली. "आई, लई छळता हो त्यांना." छळतेच. श्राद्धात कधी कसूर केली नाही, देवाला भिते मी. तुम्हाला भीत नाही.

शहागंजच्या त्या दोन खोल्यांत तुमचा रिवाज होता, सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यापुढं आवाज काढायचा नाही. काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस हवं. सासूबाई किंवा तुमचा लेक. अन् त्या दिवशी सासूबाई लेकीकडं गेलेल्या, तुमचा लेक कामावर. दुपारी बाराच्या सुमाराला किराणा दुकानदारानं तुम्हाला बोलावून नेलं. तिथल्या फोनवर माझा भाऊ होता. दादांचं, माझ्या वडलांचं, काही खरं नाही, ते सारखं माझंच नाव घेतायत, ताबडतोब पाठवा, असा त्याचा निरोप. तुम्ही घरी आलात आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिलात. मी सहा पावलांवर, चुलीपाशी. संध्याकाळी तुमचा लेक आला तेव्हा तुम्ही त्याला सांगितलं, "तिला म्हणावं, वडलांचं जास्त झालंय." आम्ही धावत स्टँडवर गेलो. गंगापूरची एसटी मिळाली, पण तिथून आमच्या खेड्याकडं जाणारी शेवटची जीप निघून गेलेली. दिवस उगवता उगवता चालत पोचलो. दादांना अंगणात आणून ठेवलं होतं. भाऊ एवढंच म्हणाला, "दुपारी का नाय निघालीस?"

काय सांगणार होते मी त्याला? घरात तिसरं माणूस नव्हतं म्हणून?

तुमची नातसून औरंगपुऱ्यात नोकरीला आहे. गिऱ्हाइकाशी, साहेबाशी कसं बोलावं याचे धडे ऑफिसात त्यांना दिले. ती रात्री जेवताना आम्हाला शिकवते. समोरच्याकडं बघून बोलायचं, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, निरोप आला की त्याच पावली द्यायचा. हा शेवटचा धडा ऐकला अन् घास हातातच राहिला, मामा. माणसांना हे पैसे देऊन शिकवावं लागतं! मी मॅट्रिक झालेली बाई, शिकले. आधी तुमच्या फोटोपुढं उभी राहून शिकले, डोळ्यांत डोळे घालून. आता भजनी मंडळाचं काम असलं की वॉर्ड ऑफिसात मला पुढं करतात. तुमच्या लेकालाही धरून बसवलं. पूर्वी मनाविरुद्ध झालं की चार दिवस गप्प राहायचा, अगदी तुमच्यावर गेलेला. आता म्हणतो, "मला राग आलाय, चहा दे, मग सांगतो." फोनचा चार्जर मुद्दाम तुमच्या फोटोखाली लावलाय. मुलगा म्हणाला, आई, तिथं वायर वाईट दिसते. म्हटलं, दिसू दे. सून तिथंच उभी राहून तुमच्या नातवाला डाफरते, "अहो, उचला ना फोन! केव्हाची लावतेय." आपल्या सासऱ्याला म्हणते, "बाबा, शर्टाची बटणं वरखाली झालीत." सुनेचा आवाज तुमच्या कानाखाली दिवसभर चालू असतो. मला लई समाधान वाटतं.

हे सगळं मी सांगत आले, भावाला, बहिणींना, मंडळातल्या बायांना. ऐकून प्रत्येकानं तुम्हाला बोल लावला. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता. तुम्ही खाकरलात. खाकरलात म्हणजे पाणी हवं, म्हणून मी पदर ओढून तांब्या उंबऱ्याशी सरकवला. तुम्ही तो घेतला नाही. परत खाकरलात. मग तिसऱ्यांदा. पदराखालून मला तुमची पावलं दिसत होती, ती जागची हलत नव्हती. एवढा वेळ तुम्ही त्या दारात कधी थांबला नव्हता. काहीतरी झालंय, हे मला कळलं होतं.

मी विचारलं नाही.