घरातली कॉपी

४ जून २०१८, सकाळी ७
नात रुद्राणी सव्वादोन वर्षांची झाली. अजून एक शब्द बोलत नाही. सून देविका दर शनिवारी तिला नांदेडला सादिया मॅडमकडे नेते. बोलायला शिकवतात म्हणे. प्रत्यक्षात हातवारे शिकवतात. हात चालू लागले तर पोरगी तोंड कशाला उघडेल? मला यात काहीतरी काळंबेरं दिसतं. संकल्प: महिन्याभरात रुद्राणी मला ‘आबा’ म्हणेल. पहिला शब्द तोच.

६ जून
संशय पक्का. देविकाने पोरीकडे बघून बोटांची टोकं जुळवली. पोरीनेही जुळवली. लगेच दुसरं बिस्किट मिळालं. मी लातुरात तीस वर्षं परीक्षेचा पर्यवेक्षक. भूकंपानंतरच्या मार्चमध्ये पत्र्याच्या शेडात पेपर झाले, तिथंही एक कॉपी होऊ दिली नाही. रिटायर झालो तरी क्लासवाले टेस्टला मलाच बोलावतात. तिथल्या पोरांची कॉपीची भाषा पाठ आहे: कानाला हात म्हणजे पर्याय ए, नाक बी, हनुवटी सी, डोकं डी. खुणा मला कुणी शिकवू नयेत.

९ जून
नांदेडला स्वतः गेलो. अहमदपूरपर्यंत एसटीत उभा. मॅडमचं म्हणणं, खुणांनी बोलणं अडत नाही, उलट वाट सापडते. खूण करताना शब्दही मोठ्याने म्हणायचा. घरात सगळ्यांनी शिकायचं. म्हणाल्या, ‘अप्पा, तुम्ही दोनचार खुणा शिकलात तरी लई झालं.’ मी हो म्हणालो. शिकणार नाही. मला फोडायचा डाव आहे.

११ जून
वीस चित्रांचा पेपर तयार. मुलगा राघवेंद्र म्हणाला, ‘अप्पा, पोरगी हाय ती, परीक्षार्थी न्हाई.’ त्यालाही देविकाने वळवलेलं दिसतं.

१३ जून, सकाळी ११
देविका शाळेत शिकवायला, राघवेंद्र ऑफिसात. मैदान मोकळं. टेस्ट नं. १. उत्तर तोंडी, खुणांना बंदी.
चित्र १, गाय: दोन तर्जन्या एकमेकींकडे, मग कान. म्हणजे ए.
चित्र २, बस: परत तेच. ए.
चित्र ३, केळी: ए. सगळ्यालाच ए ठोकते आहे. चित्रांना पर्यायच नाहीत, मग हे ए तिला कुणी दिलं?
नवव्या चित्राला डोळ्यांत पाणी. असले शेकडो पाहिलेत. पेपर काढून घेतला. शून्य गुण.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
रुद्राणीला एकशेदोन ताप. कानात पू. देविका दारातून आत आली, पोरीने तीच खूण केली आणि देविकाने पर्सही खाली ठेवली नाही. ‘अप्पा, हिचा कान दुखायलाय. कधीपासून सांगायलीय ही?’ मी म्हणालो, आत्ताच. खोटं. अकरा वाजल्यापासून, नऊ वेळा. डॉक्टरांनी औषध दिलं. म्हणाले, पोरीने सांगितलं ते बरं झालं. मला फार लाज वाटली. जेवलो नाही.

१७ जून
ताप उतरला. पोरगी माझ्याजवळ येत नाही. मी खोलीत गेलो की आईच्या मागे लपते. संकल्प: खुणा शिकणे. कुणाला सांगायचं नाही. मॅडमचे व्हिडिओ मोबाईलवर पाहिले. सोपं आहे, एका दुपारचं काम.

२१ जून
चार दुपारी गेल्या. बोटं माझं ऐकत नाहीत. व्हिडिओत काहीतरी चूक असावी.

२४ जून, संध्याकाळी
रुद्राणीसमोर बसलो. दुधाची खूण केली: मूठ उघडायची, मिटायची, धार काढतात तशी. ‘दूध’ असं मोठ्याने म्हणालो. ती बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग जवळ आली, माझा अंगठा धरून वळवला आणि तोंडाने म्हणाली, ‘न्हाई.’

स्पष्ट. देविका स्वयंपाकघरातून पळत आली. मी परत खूण केली. अंगठा परत वळवला गेला. ‘न्हाई.’ देविका रडायला लागली, मीही. ‘आबा’ राहिलं बाजूला. पहिला शब्द ‘न्हाई’, आणि तोही मलाच.

चौथ्या वेळी मूठ बरोबर जमली होती. मी ती मुद्दाम चुकवली. परत ऐकायचं होतं.