टाळीनंतरचा ठोसा

प्रिय टाचणी,

तुझं पार्सल मिळून तीन आठवडे झाले. पोचल्याचं कळवलं नाही, कारण रागावलो होतो. आणि रागावलोय हे सांगायला फोन केला नाही, कारण तू समजून घेतलं असतंस. तुझी ही समजून घ्यायची खोड मला कॉलेजपासून सहन होत नाही.

तर, तुझ्या 'वाकडा' या चित्रकथेचा शेवटचा भाग. शेवटच्या पानावर संवादाचा एकच फुगा रिकामा, आणि वर पेन्सिलीने तुझी चिठ्ठी: "कात्री, इथलं वाक्य मला सुचत नाही. तू लिही. महिनाअखेरच्या शुक्रवारी छपाईला जातंय." वा रे वा! आठ भागांची चित्रंही तुझी, शब्दही तुझेच. तेव्हा शब्दांवर पोट भरणारा हा मित्र आठवला नाही. आता एका फुग्यापुरता आठवलो.

खरं सांगतो, जळतो मी. नुसता जळत नाही, धूर निघतो. बायको खिडकी उघडते. लेकीच्या दारावर तुझा वाकडा उभा आहे, मोडक्या नाकासकट चांगला साडेपाच फूट. माझं सदर ज्या पेपरात येतं तो तिने शेवटचा हातात घेतला, तो ओल्या बुटात कोंबायला. मी म्हटलं, "अगं, हा माणूस लबाड आहे, उर्मट आहे, लोकांची हाडं मोडतो, आणि तू त्याला दारावर लावतेस?" तर म्हणाली, "बाबा, तो निदान नंतर पुसतो तरी." आणि कानात गाणी घालून चालू लागली.

मला ठसका लागला तो याचाच. कारण वाकडा म्हणजे मी, हे मी पहिल्या भागापासून धरून चाललोय. तिरकस जीभ माझी. आधी हात आणि मग विचार, ही पद्धत माझी. समोरचा आडवा झाल्यावरही त्याला एक टोमणा हाणायचा, हे तर अस्सल माझं. त्याच दुर्गुणांसाठी लोक त्याला छातीवर छापून हिंडतात, आणि मला नातेवाईक लग्नाचं आमंत्रण देताना "या हं, पण बोलू नका" असं बजावतात. माझ्याच अवगुणांचा हेवा करायची पाळी कुणावर आली असेल, तर ती माझ्यावर.

परवा एका प्राध्यापिकाबाईंनी वाकड्यावर तासभर व्याख्यान दिलं. मारामारी संपल्यावर तो बादली मागतो, गुडघ्यांवर बसून फरशी पुसतो, यात म्हणे युद्धकलेचं सगळं तत्त्वज्ञान आहे. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसलो होतो. वाटलं, उठून सांगावं: बाई, तो आम्हाला लढायला शिकवणाऱ्या सरांचा नियम आहे! छापखान्याच्या वरची ती खोली, खाली मशीन सुरू झालं की तळव्यांना गुदगुल्या करणारी फरशी, आणि दिवसभर दुकानात चष्म्याची भिंगं घासून संध्याकाळी आम्हाला घासणारे सर. "मारणं म्हणजे सांडणं. ज्याने सांडलं, त्याने पुसायचं." म्हणून जिंकणाऱ्याने अख्खी खोली पुसायची आणि हरणाऱ्याने बूट घालून खुशाल घरी जायचं. नवीन आलेल्यांना वाटायचं, सर निकाल उलटा सांगतायत.

तीन वर्षं तू पुसलंस आणि मी बूट घातले. एकदाही उलट झालं नाही. लोकांना पदकांचा हेवा वाटतो. मला एका मळक्या फडक्याचा वाटायचा. तू ते पिळायचास, त्यात इतकी सावकाशी असायची की मी जिन्यात थांबून नाडी पुन्हापुन्हा बांधायचो. नंतरही तेच झालं. तू काहीतरी करायचास, आणि मी त्यावर खुसखुशीत लिहायचो.

म्हणून तीन आठवडे त्या फुग्यात काहीबाही भरून पाहिलं. दहा वाक्यं लिहिली, सगळी टाळ्या घेणारी. एकही बसेना. मग काल प्रथमच वाक्य सोडून चित्र नीट पाहिलं. वाकड्याचं लहानपणचं चित्र. नाक अजून सरळ. फरशीवर बसलाय, नाकातून रक्त येतंय, हात खाली सोडलेले. समोर दुसरा एक जण, पाठमोरा, मूठ अजून वर. रिकामा फुगा त्या पाठीचा आहे. मागे सर, पाठ फिरवून चष्मा पुसतायत. आणि कोपऱ्यात, जिन्याच्या कठड्यातून दिसणारं खालचं मशीन. त्यावर आच्छादन घातलेलं.

म्हणजे वाकडा मी नव्हेच. आठ भाग मी माझं तोंड शोधत होतो, आणि तू माझी पाठ जपून ठेवली होतीस. त्या दिवशी लढत तू जिंकला होतास, सरांनी थांबायची टाळी दिली होती, तू हात खाली घेतले होतेस. ठोसा बसल्यावर मी म्हणालो, मशीनच्या आवाजात टाळी ऐकू आली नाही. तू म्हणालास, "हो रे, आवाज फार होता." सर वळले तर त्यांना म्हणालास, "घसरलो, सर." आणि निकाल तुझ्या बाजूने होता म्हणून फडकं घेऊन स्वतःचं रक्त स्वतः पुसायला बसलास. मी नाडी बांधली. मशीन त्या दिवशी बंद होतं, टाचणी. कागद आला नव्हता. हे फक्त मला ठाऊक आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

लेक मघाशी विचारत होती, एवढं काय लिहितोयस बाबा? म्हटलं, एका फुग्याचा मजकूर. बाकी पत्र फाडलंस तरी चालेल. शुक्रवारच्या आत फुग्यात एवढंच घाल, माझं अक्षर वाईट आहे म्हणून तुझ्या अक्षरात:

"टाळी ऐकली होती मी. आण ते फडकं इकडे."

तुझाच, पाठमोरा,
कात्री