पिंपातले हारुआन

३ ऑगस्ट, सोमवार
सहा हारुआन मासे मिळाले! भातशेताच्या पाटातले, मनगटाएवढे जाड. लिझाचं ऑपरेशन बारा तारखेला — बाळ आडवं आहे. पोटावरची जखम भरायला हारुआनच्या सुपासारखं दुसरं काही नाही. बाजारातला, तळ्यात पोसलेला मासा मी माझ्या लेकीला घालणार नाही. एकेकाला राखेने खसाखसा चोळलं, सगळी बुळबुळ काढली, मग मागच्या पिंपात सोडलं. पाणी कसं नितळ! लिझाची सासू साओदा आलीच बघायला. "विहीणबाई, जिवंत माशाला आंघोळ?" जळते मेली.

५ ऑगस्ट
दोन मेले. अंगावर पांढरे चट्टे.

६ ऑगस्ट
आणखी एक गेला. काल साओदा पिंपावर वाकली होती. मला पाहताच ओढणी सावरत म्हणते, "पाणी बघत होते." पाण्यात काय बघायचं असतं? सुनेचं बाळंतपण तिला स्वतःच्या घरी हवंय. माझे मासे मेले की बोलायला मोकळी — आईला झेपत नाही!

७ ऑगस्ट
आज चौथा. सहातून चार गेले, दोन उरायला हवेत. पिंपात पाच! तीनदा मोजले. रोगट मासे आणून सोडते वाटतं, माझ्या माशांत रोग पसरवायला! तोंडावर सुनावलं, "माझ्या पिंपाला हात लावायचा नाही!" ती खाली मान घालून निघून गेली. चोराच्या मनात चांदणं.
लिझा रडायला लागली. "तुम्ही भांडत बसा, आई. पोट माझं फाडणार आहेत!"

१० ऑगस्ट, सोमवार
आणखी दोन गेले. मेलेला एक पिशवीत घालून तडक मत्स्यखात्यात गेले. साओदाचं नाव लिहून द्यायला कागदही नेला होता. तिथल्या साहेबाने माशावरून बोट फिरवलं. "मावशी, विषबिष काही नाही. याची बुळबुळ कुठंय? तिच्यातच जंतू मारणारी प्रथिनं असतात. माशाची ती जन्मजात राखण. ती गेली की पाण्यातला रोग सरळ कातडीत शिरतो. कुणी घासला याला?"
"कुणास ठाऊक," म्हटलं. या अल्ला, किती सहज खोटं बोलले! कागद वाटेतच फाडून टाकला.

११ ऑगस्ट
पिंपात तीन आहेत. एक चट्टा नाही. धरायला गेलं तर हातातून निसटतात, इतके बुळबुळीत. माझे सहाही मेले. हे साओदाचे. सांगून आणले असते तर मी फेकून दिले असते, हे तिला ठाऊक होतं.