सगळे पाणी उकळून पितात

रविवार, संध्याकाळ. मु. कापडे.

बरेच दिवस वही उघडली नाही, माफी असावी. हातच धजत नव्हता.

नात मुंबईत सार्वजनिक आरोग्याची पदवी घेते. ती गावात सर्व्हेला आली, तेव्हा मीच तिच्याआधी घरोघर फिरलो. "पोरीला चांगलं सांगा रे, परीक्षा हाय तिची." सगळ्यांनी सांगितले, पाणी उकळून पितो, जुलाब कोणाला नाय. मीसुद्धा तेच. उकळतो कोण?

आता तिचे सर म्हणतात, सगळ्या घरांची उत्तरे सारखी, तू मनाने लिहिलीस. वर्ष जाईल तिचे. फोनवर तिने विचारले, "आबा, तुम्हीच पढवलंत ना सगळ्यांना?" मी हो म्हणायचे सोडून तिच्या जेवणाचे विचारले. तेव्हापासून तिचा फोन बंद.

सकाळी शेजारच्या सखूला म्हटले, आता पोरीच्या सरांना खरे सांग. ती हसली. "गावाची अब्रू कशाला घालवता, आबा? पोर आपलीच हाय ना?" आपलीच म्हणून तर बुडवली.

आज चुलीवर पाणी उकळत ठेवले. आता उकळून काय होणार?

गो पोरी, हे पान फाडून तुलाच टपालाने धाडतो. मी सरांपुढे उभा राहून खरे सांगतो. कधी येऊ, एवढे तरी लवकर कळव.